आमचे अण्णा : कष्टातही हसणारा माणूस

आमच्या वडिलांना सारी चाळ अण्णा म्हणायची. २०१९ साली ते कालकथित झाले. पुण्यानुमोदनाला जमलेली मंडळी रडली थोडी आणि हसली जास्त, कारण प्रत्येकाजवळ अण्णांचा एकेक किस्सा होता. वाचकांपैकी अनेकांचे वडील असेच गिरणीत राबले असतील, म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

अण्णा लालबागकडच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. चालत्या मशीनवर सुताचा धागा तुटला की धावत जाऊन तो सांधायचा, आठ तास उभ्यानेच. पाळी सुटून घरी आले की डोक्यावर, भुवयांवर, कानात कापूस. आई म्हणायची, ‘‘आधी मोरीत जा.’’ त्यावर अण्णा म्हणत, ‘‘गिरणी रोज म्हातारा करून पाठवते आणि तू तांब्याभर पाण्यात तरणा करतेस!’’

आपले लोक रिंग खात्यातच का जास्त, हे आम्हाला अण्णांनीच सांगितले. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. आपल्या माणसाचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला होता. अण्णांच्या वेळेपर्यंत बंधने सैल झाली होती, तरी खाती बरीचशी तशीच राहिली होती. अण्णा हसून म्हणत, ‘‘थुंकी विटाळाची, पण आम्ही कातलेलं सूत अंगावर घेताना कुणाला विटाळ झाला नाही.’’

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा पाच वर्षांचे होतो. पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. आईने धुणीभांडी धरली आणि अण्णा मस्जिद बंदरला हातगाडी ओढू लागले. गिरणीने त्यांना परत घेतले नाही.

चौथीत असताना शाळेतून एक फॉर्म आला. त्यात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना होता. आम्ही विचारले, काय लिहू? अण्णा म्हणाले, ‘‘संपावर, असं लिही. संप कुणी मागे घेतलाय का अजून?’’ खरेच, तो संप रीतसर मागे घेतला असे कुणी कधी जाहीर केलेच नाही. आम्ही तसेच लिहिले. बाई हसल्या. मुले त्याहून जास्त हसली.

पुढची गोष्ट लिहायला हात जड होतो. सातवीत होतो. शाळा सुटली, आम्ही मित्रांबरोबर फाटकाशी उभे होतो आणि समोरून अण्णा गाडी ओढत आले. गाडीवर गोण्या, घामाने चिकटलेला बनियन. त्यांनी आम्हाला पाहिले. आम्ही मान फिरवली आणि भिंतीवरचे पोस्टर वाचू लागलो. अण्णांनी हाक मारली नाही. रात्री जेवताना नेहमीसारखी थट्टा चालली होती, ‘‘आज मालकाला म्हटलं, बैलाला पेंड तरी मिळते, मला चहा तरी पाज.’’ त्या गोष्टीचा एक शब्द नाही. त्यानंतर शाळेच्या रस्त्याला अण्णा कधी दिसले नाहीत. ते दूरच्या चढाच्या रस्त्याने गाडी नेत होते, हे आईने आम्हाला सांगितले ते आम्ही नोकरीला लागल्यावर. आम्ही अण्णांची माफी मागायची ठरवली होती. पण विषय काढला की ते दुसराच विनोद सांगत. शेवटी राहूनच गेले.

आम्ही बी. कॉम. झालो तेव्हा अण्णांनी चाळीत पेढे वाटले आणि ‘‘बी. कॉम. म्हणजे बिनकामाचा, नोकरी लागेपर्यंत,’’ असे सांगत फिरले. क्लार्कची नोकरी लागली त्या दिवशी मात्र बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर बराच वेळ गप्प उभे होते.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज निघाले. गिरणीचे तिकीट, ईएसआयसीचे कार्ड, पगाराच्या पावत्या सारे आईने लोखंडी ट्रंकेत जपून ठेवले होते, म्हणून अर्ज भरता आला. (ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, ही कळकळीची विनंती.) २०१२ च्या सोडतीत नाव लागले नाही. आम्ही चिडलो होतो. अण्णा म्हणाले, ‘‘ब्याऐंशीपासून थांबलोय, आता कसली घाई?’’

अण्णा गेल्यावर मृत्यूची नोंद करायला धाकट्या बहिणीला घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेलो. फॉर्ममध्ये पुन्हा तोच रकाना, व्यवसाय. आमचे पेन थांबले. बहीण वाकून हळूच म्हणाली, ‘‘दादा, संपावर, असं लिही ना.’’ रांगेत उभ्या उभ्या आम्ही दोघे हसलो. मागचा माणूस बघतच राहिला. मग आम्ही ‘गिरणी कामगार’ असे लिहिले आणि फॉर्म खिडकीत दिला.