मूळ ओले, माथा कोरडा

उंच पर्वतांवरच्या उशीसारख्या वनस्पती वारा आणि थंडी सहज झेलतात. त्यांतल्या डायोनिसियाला कुंडीत वाढवणे मात्र भल्याभल्या बागकारांची परीक्षा पाहते.

प्रिम्युलाच्या कुळातल्या या वंशात सुमारे ५० जाती आहेत. बहुतेक इराण, अफगाणिस्तान आणि आसपासच्या डोंगररांगांतल्या. चुनखडीच्या उभ्या कड्यांवर, बऱ्याचदा सावलीच्या बाजूला, त्या कपारी धरून राहतात. वर कातळाची पुढे आलेली कड असली की पाऊस अंगावर येत नाही. मुळे मात्र भेगेत खोलवर ओल शोधतात.

जोपासनेचे सगळे मर्म इथेच आहे. हे झाड कोरडी थंडी सोसते, पण पानांच्या उशीसारख्या गादीत साचलेले पाणी त्याला सोसत नाही.

म्हणून युरोपातले बागकार त्याला उघड्यावर न ठेवता हवेशीर काचघरात ठेवतात. मातीची कुंडी वाळूच्या वाफ्यात काठापर्यंत पुरतात आणि पाणी झाडाला न घालता भोवतालच्या वाळूला घालतात. कुंडीच्या भिंतीतून ओल आत झिरपते, पाने कोरडीच राहतात. मिश्रणात मातीपेक्षा खडीची चुरी जास्त. गादीच्या खालीही बारीक खडीचा थर, म्हणजे पानांना ओली माती टेकत नाही. उन्हाळ्यात सावलीचे कापड आणि हिवाळ्याच्या दमट दिवसांत पंखा लागतो.

सर्वांत मोठा शत्रू करडी बुरशी. वसंतात उत्तर इराणच्या एल्बुर्झ पर्वतातली डायोनिसिया अरेटिऑइडिस पिवळ्या फुलांनी इतकी भरते की पाने दिसेनाशी होतात. फुले सुकली की ती चिमट्याने एकेक करून काढावी लागतात. राहिली तर बुरशी तिथूनच शिरते. पानांचा एखादा गुच्छ तपकिरी पडला, तर तोही तळापासून खुडतात.

काही झाडांच्या फुलांत स्त्रीकेसर लांब, तर काहींच्या फुलांत आखूड. बी हवे तर दोन्ही प्रकारची झाडे जवळ लागतात आणि परागकण बारीक कुंचल्याने हातानेच पोचवावे लागतात. नाहीतर जेमतेम काही मिलिमीटरचा गुच्छ खुडून ओलसर बारीक वाळूत रुजवायचा.

नॉर्वेचे वनस्पतिशास्त्रज्ञ पेर व्हेंडेल्बो यांनी १९६१ मध्ये या वंशाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ते स्वीडनमधल्या गोथेनबर्ग वनस्पती उद्यानाचे संचालक झाले. डायोनिसियांचा जगातला एक मोठा संग्रह आजही तिथे आहे.

अनेक जाती एखाद्याच दरीपुरत्या मर्यादित आहेत. थंड मुलखात राहणाऱ्या ज्या वाचकांना डायोनिसिया लावून पाहायची असेल, त्यांनी अरेटिऑइडिसपासून सुरुवात करावी. ती त्यातल्या त्यात सोपी. रोप मात्र रोपवाटिकेत बियांपासून किंवा छाटकलमांतून वाढवलेलेच घ्यावे. कड्यावरून उपटलेले रोप कोणी देऊ केले, तर ते नाकारावे.