कोशाचे उपरणे: समारंभाचे कोणते, रोजचे कोणते?

लग्नसराई जवळ आली की घराघरांत उपरण्याची चौकशी सुरू होते. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव, पवनी ही विणकरांची जुनी गावे हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही कोसा म्हणून भलतेच चकचकीत कापड घरी येते आणि खरा कोसा ‘फिका’, ‘खरबरीत’ म्हणून मागे राहतो. यामागे काही गैरसमज आहेत. खरेदीआधी ते दूर झालेले बरे.

गैरसमज: जितकी चकाकी जास्त, तितका कोसा अस्सल.

वस्तुस्थिती: आरशासारखी चकाकी कोशाची ओळखच नव्हे. तुतीच्या रेशमाचा धागा गुळगुळीत असतो, म्हणून तो झळकतो. कोसा म्हणजे टसर. त्याची अळी ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या रानात वाढते. तिचा धागा जाडसर आणि चपटा असतो. त्यामुळे कापडावर मंद, मधाळ झाक येते. ही सोनसळी छटा धाग्यातच असते. त्यासाठी रंग द्यावा लागत नाही. मधूनमधून दिसणारी धाग्याची जाडी-बारीकी हासुद्धा दोष मानू नये.

गैरसमज: कोसा सगळा एकच, मग कोणताही घ्या.

वस्तुस्थिती: निवडीची खरी मेख इथे आहे. कोष उकळून सलग उकललेला धागा एकसारखा निघतो. फुटलेल्या किंवा सलग न उकलणाऱ्या कोषांपासून हाताने ओढून काढलेला धागा म्हणजे घिचा. तो जाड आणि खडबडीत असतो. लग्नात, मुंजीत, सत्काराला उपरण्याची चुणीदार घडी खांद्यावर नीट बसायला हवी. तिथे ताणा-बाणा दोन्ही सलग धाग्यांचे, करवतकाठी म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या किनारीचे उपरणे घ्यावे. घिच्याच्या उपरण्याची घडी फुगते, म्हणून ते समारंभात तितके शोभत नाही. पण सुती कुर्त्यावर, व्याख्यानाला किंवा कार्यालयात सहज गळ्याभोवती घ्यायला घिच्याचे किंवा कोसा-सुती मिश्रणाचे, बारीक काठाचे उपरणे फार देखणे दिसते.

प्रसंगानुसार साज बदलण्याची रीत सगळीकडे आहे. स्कॉटलंडमध्ये पुरुष किल्ट हे पारंपरिक वस्त्र नेसतात आणि त्याला खिसा नसल्यामुळे कमरेला स्पोरन नावाची पिशवी बांधतात. दिवसाच्या साध्या वापराला ती चामड्याची असते, तर रात्रीच्या औपचारिक समारंभाला केसाळ कातड्याची, रुपेरी पट्टीची. तिथला माणूस ही निवड विचारपूर्वक करतो. आपणही उपरण्याची तशीच करावी.

गैरसमज: काठावर करवतीचे दाते दिसले की ती करवतकाठी.

वस्तुस्थिती: दाते छापताही येतात आणि यंत्रमागावर काढताही येतात. हातमागावरच्या करवतकाठीत तीन धोटे चालतात: एक अंगाचा आणि एकेक दोन्ही काठांचा. काठाचा आडवा धागा काठाच्या हद्दीतच फिरतो आणि जिथे अंग लागते तिथे अंगाच्या धाग्यात अडकून मागे वळतो. या अडकण्यातूनच दाते उमटतात. दुकानात काठ उजेडाकडे धरा आणि उलटसुलट करून पाहा. खऱ्या करवतकाठीत दोन्ही बाजूंनी दाते रेखीव दिसतात आणि काठाचा रंग भरगच्च असतो. एकच आडवा धागा सरळ पार गेलेला असेल, तर अंगाचा रंग काठात मिसळून काठ फिका पडतो. काठ बहुधा मर्सराइझ्ड सुताचा असतो, म्हणून तो सुती निघाला तर फसवले गेलो असे समजू नका.

गैरसमज: शिक्का असला की सगळे आले.

वस्तुस्थिती: प्रत्येक शिक्का वेगळी हमी देतो. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 मध्ये आलेला सिल्क मार्क रेशमाच्या शुद्धतेबद्दल सांगतो. 2006 मधला हातमाग मार्क कापड हातमागावर विणल्याचे सांगतो. विदर्भातल्या करवतकाठी साड्या आणि कापडाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. शंका असेल तर दशीतला एक धागा काढून जाळून पाहा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची कडक गुठळी होते.

गैरसमज: कोसा म्हणजे सोवळे, पूजा आटोपली की पेटीत ठेवायचे.

वस्तुस्थिती: पूजेला नेसायच्या रेशमी मुकट्यामुळे ही समजूत रुजली असावी. प्रत्यक्षात कोशाच्या धाग्यातून हवा खेळती राहते, त्यामुळे दमट दिवसांतही तो अंगाला सुखावतो. सौम्य साबणाने गार पाण्यात हलके धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा आणि उलट्या बाजूने मध्यम गरम इस्त्री फिरवा. ठेवताना मलमलच्या कापडात गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला, म्हणजे घडीवर कापड विरत नाही. डांबरगोळी कापडाला थेट टेकू देऊ नका.

गैरसमज: टसरच्या कोषात अळी मरत नाही.

वस्तुस्थिती: बहुतेक कोष वाफवून किंवा उकळूनच धागा काढतात. बियाण्यासाठी राखलेल्या कोषांतून पतंग बाहेर पडतो. जीवहत्या टाळायची असेल, तर पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोषांपासून काढलेला धागा आहे का, हे विचारून घ्या.

समारंभाला सलग धाग्याचे करवतकाठी आणि रोजच्याला घिच्याचे किंवा मिश्र उपरणे, एवढे लक्षात ठेवले तरी निवड चुकत नाही. कोशामागे रानात अळ्या राखणारे हात आहेत आणि मागावर तीन धोटे फेकणारेही. या लग्नसराईत खरेदीला निघाल तेव्हा एकदा आंधळगाव-मोहाडीच्या विणकराकडे जा, काठ हातात घेऊन पाहा आणि योग्य दाम मोजा. गिऱ्हाईक जाणते असेल, तरच हा माग चालू राहील.