सागरेश्वर : उघड्या डोंगरावर उभे राहिलेले वन

आपल्या गावाच्या शिवारात एखादा तरी उघडाबोडका डोंगर असतोच. पावसाळ्यात चार महिने हिरवा, एरवी मुरूम आणि कुसळे. असा डोंगर पुन्हा झाडीने भरतो का, हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर सवड काढून सागरेश्वरला जाऊन यावे.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या सीमेवर हे अभयारण्य आहे. पुणे-मिरज रेल्वेमार्गावरील ताकारीहून देवराष्ट्रे या यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाकडे जाताना ते लागते. कराडकडील मंडळींनाही सकाळी निघून दुपारी परतता येते. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे १,०८७ हेक्टर. कोयना-चांदोलीच्या मानाने हे फारच लहान. परंतु ती जंगले मूळचीच आहेत आणि हे माणसांनी घडविलेले आहे. मोहित्यांचे वडगाव येथील स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. वन खात्याची त्यांना साथ मिळाली आणि १९८५ साली या वनास अभयारण्याचा दर्जा मिळाला. चितळ, सांबर यांसारखे प्राणी येथे बाहेरून आणून सोडलेले आहेत.

पायवाटेने सावकाश चढावे. वर गेल्यावर एका बाजूस कृष्णाकाठचा ऊस आणि द्राक्षबागा दिसतात. देवळांचा जुना समूह आणि कड्यालगत खडकात कोरलेले कमळभैरवाचे स्थान आहेच. परंतु शेतकऱ्याने नजर जमिनीकडे ठेवावी. पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील उथळ, मुरमाड जमीन, तिच्यावर खैर, बोर, धावडा. झाडाखालचा पालापाचोळा हाताने बाजूला सारून पाहावा. उघड्या माळावर पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो व माती घेऊन ओढ्याला जातो. येथे तो पाचोळ्यावर पडून मुरतो. फरक एवढाच, पण सारे त्यावर अवलंबून आहे.

डोंगर भरण्याचा क्रमही समजून घ्यावा. चराई, कुऱ्हाड आणि वणवा ही तिन्ही थांबली की प्रथम गवत सुधारते. कुसळीच्या जागी हळूहळू पवना, मारवेल यांसारखी चांगली गवते येतात. मग काटेरी झुडपे वाढतात. आपण ती निरुपयोगी समजून तोडतो, परंतु पक्ष्यांनी टाकलेल्या बोर-निंबाच्या बियांची रोपे त्यांच्याच आडोशाला वाचतात. उतारावर सलग समतल चर काढून पाणी अडविले तर हे काम लवकर होते. नुसती रोपे लावून गुरे मोकळी सोडली तर दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावावे लागते, हे कोणत्याही गावात पाहावयास मिळेल. माण-खटावच्या माळांनाही हाच क्रम लागू पडतो. गवत कापून न्यावयास मुभा ठेवली तर चराईबंदी गावाच्या गळी उतरते.

आता दुसरी बाजू. या डोंगरावर बारमाही पाणी नाही. कृत्रिम पाणवठ्यांवर प्राण्यांची तहान भागवावी लागते. चितळाला तर उन्हाळ्यात रोज पाणी हवे. पायथ्याशी मात्र ताकारी उपसा सिंचन योजनेमुळे सोनहिरा खोऱ्यातही ऊस व भाजीपाला वाढला आहे. वर वाळलेले गवत आणि खाली ओले शिवार असल्यावर हरणे उतरणारच. लगतच्या शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाही. एका रात्रीत हरभऱ्याचे शेंडे जातात.

उपाय थोडे आहेत. चितळ उडी मारण्यापेक्षा कुंपणाखालून शिरणे पसंत करते. म्हणून कुंपण उंच करण्याआधी खालची फट बुजवावी. करडईच्या दाट ओळी बांधालगत लावण्याची जुनी पद्धत उपयोगी आहे. मात्र कोवळ्या करडईला काटे नसतात, तोवर राखण करावीच लागते. तारेत थेट वीज सोडू नये. त्यात माणसे व गुरे दगावतात. फासे लावून हरीण मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे.

नुकसान झाल्यास शासनाकडून भरपाई मिळते, पण तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. सोबत सातबारा उतारा जोडावा आणि अर्जाची पोच घ्यावी. खुरांचे ठसे व खाल्लेले पीक यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पंचनामा होईपर्यंत त्या तुकड्यात नांगर घालू नये.