नाव पसंत, ढाल नापसंत

अमेरिकेत बर्कलीला १९६६ साली सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’चे हौशी सभासद मध्ययुगीन वेशात वावरतात. पण नाव आणि ढालीवरचं चिन्ह अधिकृतपणे नोंदवायचं, तर ते संस्थेच्या चिन्हतज्ज्ञांच्या चाळणीतून जातं. नाव त्या काळी चालण्याजोगं होतं याचा पुरावा जोडायचा. कादंबरीत वाचलं आणि आवडलं, एवढ्यावर भागत नाही.

चिन्हाचं गणित आणखी कडक. पिवळा-पांढरा हे ‘धातू’. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग चालत नाही; पिवळ्या ढालीवर पांढरा सिंह काढलात की अर्ज परत! रणधुमाळीत तो लांबून दिसणार कसा? आधी नोंदलेल्या चिन्हाशी फार साम्य असलं, तरी नकारच. निकालपत्र दरमहा निघतं, नकाराच्या कारणांसकट.