बारावी आर्ट्स, दोन मुलं आणि एएनएम

आळेफाट्यावरून बेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की राजुरी येते. जुन्नर तालुक्याच्या या पट्ट्यात बाईचा दिवस दुधाच्या वेळेला बांधलेला असतो. पहाटेची धार, संध्याकाळची धार आणि मधल्या वेळात कांद्याची खुरपणी. बारावी झाली, त्याच वर्षी लग्न झालं, मुलं शाळेत जायला लागली आणि तिशीत कधीतरी प्रश्न डोकं वर काढतो: आता आपल्याला काही करता येईल का? उत्तरादाखल पुष्कळदा एकच कोर्स पुढे येतो, नर्सिंगचा. त्यातल्या त्यात एएनएम.

एएनएम म्हणजे सहायक परिचारिका प्रसविका. गावात तिला नर्सबाई म्हणतात, दवाखान्यात सिस्टर. देशातला पहिला वर्ग 1951 साली पंजाबात तरनतारनच्या सेंट मेरीज रुग्णालयात निघाला. आज हा दोन वर्षांचा कोर्स आहे, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. बारावी कुठल्याही शाखेची चालते आणि वय 17 ते 35. म्हणजे आर्ट्सची बारावी आणि दोन मुलं पदरी असलेल्या तिशीतल्या बाईला सायन्सवाल्या पोरींच्या रांगेत उभं राहता येतं. असे कोर्स आपल्याकडे फार नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये साधारण याच पायरीवर व्होकेशनल नर्स असते. तिचं प्रशिक्षण वर्षभराच्या आसपास, मग परवान्याची परीक्षा. तिकडेही दुकानातली किंवा कारखान्यातली नोकरी सोडून या कामाला येणाऱ्या बायका पुष्कळ.

आयुष्य अर्ध्यावर आलेल्या बाईला नर्स करायचं, हा विचार पुणे जिल्ह्याला नवा नाही. 1909 साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथे शिवण होतं, अध्यापन होतं, पण सगळ्यात धाडसाचं पाऊल ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला बायका पाठवण्याचं. यातल्या कित्येक विधवा. सासर-माहेरच्या स्वयंपाकघरात राबणं एवढंच ज्यांच्या वाट्याला होतं त्या. वरच्या जातीच्या बाईने परक्या, त्यातून कुठल्या जातीच्या कुणास ठाऊक अशा रुग्णाला हात लावायचा, त्याची घाण काढायची, हे त्या काळच्या पुण्याला पचणारं नव्हतं. सेवासदनाने यावर व्याख्यानं देत बसण्यापेक्षा राहण्या-जेवणाची सोय केली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वसतिगृह नसतं तर त्या बायका ससूनच्या फाटकापर्यंतही पोचल्या नसत्या. आजही नेमकी तीच अडचण आहे.

कारण एएनएम घरबसल्या होत नाही. वॉर्डातले तास भरावेच लागतात, बाळंतपणं करावी लागतात, रात्रपाळी करावी लागते. सकाळी धार काढून कॉलेज गाठू, हे जमत नाही. सरकारी शाळेची फी खासगीच्या मानाने नगण्य, पण जागा मोजक्या. खरा खर्च फीचा नसतोच. दोन वर्षं गोठ्यातले दोन हात कमी होतात, मुलांना सासूबाईंनी सांभाळायचं, आणि हॉस्टेल लांबच्या शहरात. हिशेब मांडणाऱ्याने आधी हे मांडावं.

नाहीतर मग ती सहा महिन्यांच्या नर्सिंग कोर्सची जाहिरात पटते. तालुक्याच्या कुठल्याही नाक्यावर असा फलक दिसतो: दहावी नापास चालेल, नोकरीची शंभर टक्के हमी. यातले काही कोर्स खरंच सरकारी कौशल्य योजनेतले असतात, जनरल ड्यूटी असिस्टंटचे. ते काम प्रामाणिक आहे. रुग्णाला उठवणं-बसवणं, अंग पुसणं, चादर बदलणं. दवाखान्यात ज्यांना आपण मावशी आणि मामा म्हणतो, त्यांचं. पण ते करून नर्स होता येत नाही. नर्स होण्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं आणि ती नोंदणी मान्यताप्राप्त शाळेतून परीक्षा पास झाल्यावरच मिळते. मावशीचा कोर्स नर्सचा म्हणून विकणारे संस्थाचालक बाईची सहा महिन्यांची फी तर घेतातच, वर तिच्या वयाची दोन-तीन वर्षं खातात. पस्तिशी तिथेच ओलांडली जाते. सगळ्यात महाग कोर्स तोच.

दोन वर्षांत शिकायचं काय, असं विचारणारे भेटतात. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात जरा उभं राहून पाहावं. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक सिस्टर लगेच डब्यात टाकत नाही. बाहेर ठेवते, त्याला घाम फुटू देते, मग कानाशी धरून हलवते. आत पाणी हलल्याचा आवाज आला की मगच तो व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये जातो. घाई केली तर पेंटाव्हॅलंटची बाटली गोठते आणि गोठलेली लस फुकट. त्यानंतर बीसीजी. तान्ह्याच्या डाव्या दंडावर, कातडीच्या पदरातच, 0.05 मिलिलिटर. सुई किंचित खोल गेली तर लस चुकली. बरोबर गेली तर कातडीवर फुगवटी उठते, लहानशी, संत्र्याच्या सालीसारखी. त्या वेळी बाळ रडत असतं, आई दुसरीकडे बघत असते आणि बाहेर रांग असते.

किंवा ऊसपट्ट्यातला सर्पदंश घ्या. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी या कामाला वाहून घेतलं आहे, त्यामुळे जुन्नर-आंबेगावात सापाचा पेशंट मांत्रिकाऐवजी दवाखान्यात नेण्याची सवय वाढली. तिथे आधी होते ती साधी चाचणी: दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं धक्का न लावता ठेवायचं, मग नळी कलती करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय असं समजायचं. प्रतिविषाच्या पावडरीत पाणी घालून कुपी हलक्या हाताने फिरवायची, खळाखळा हलवली की फेस होतो. सलाइन सुरू झालं की रिअॅक्शन येते का यावर डोळा ठेवायचा आणि अॅड्रिनलिन हाताशी. इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांचा, पण पेशंटपाशी उभी असते ती सिस्टर.

एवढं शिकून नोकरी कशी मिळते? राष्ट्रीय आरोग्य अभियानात बहुतेकदा अकरा महिन्यांच्या करारावर. कायम भरतीची वाट बघत कित्येकींची उमेद सरते, हे लपवण्यात अर्थ नाही. खासगी दवाखान्यात काम लगेच मिळतं, पगार बेताचा. तरी एएनएमला पुढची शिडी आहे. नोंदणी असलेल्या एएनएमला जीएनएम या तीन वर्षांच्या नर्सिंग पदविकेला प्रवेश घेता येतो, त्यानंतर पोस्ट बेसिक बीएस्सी. मावशीच्या कोर्सला ही शिडी नाही.

पैसे भरण्याआधी शाळेचं नाव परिचर्या परिषदेच्या यादीत बघावं. तिशीतल्या बाईने कागदपत्रांना आधीच लागावं: बारावीची गुणपत्रिका, मधल्या वर्षांसाठी गॅप सर्टिफिकेटचं प्रतिज्ञापत्र, रहिवासी दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, ही तर घरोघरची गोष्ट. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर ग्रामपंचायतीतून तो काढायचा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर नावबदलाचं राजपत्र. त्याला वेळ लागतो, तेव्हा प्रवेशाची तारीख लागण्याची वाट न बघता अर्ज आधी त्याचा करावा.