गाठोडं

पहाटेचे साडेचार. आत्या खाटेवरून पाय खाली सोडायला बघतेय. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवसही झाले नाहीत.

"दावं सोड गं, वासरू हंबरतंय."

गोठा मोडून वीस वर्षं झाली.

"वात झालाय," शेजारच्या खाटेवरच्या काकू कुजबुजतात. "झोपेचं इंजेक्शन मागा."

सिस्टर मान हलवतात. "त्यानं भ्रम आणखी वाढतो." आत्याचा हात हातात घेऊन त्या शांतपणे तिला तिचं नाव, गाव, हॉस्पिटल सांगतात आणि दिवा मंद करतात.

आठच्या राउंडला डॉक्टरबाई विचारतात, "आजी, वार उलटे म्हणा."

आत्या नुसती बघत राहते. डॉक्टर माझ्याकडे वळतात. "यांना ऐकू येतं ना?"

"यंत्र आहे."

"कुठंय?"

माझ्या पिशवीत. ऑपरेशनला नेताना चष्मा, कवळी, यंत्र सगळं माझ्या हाती दिलं होतं. मी रुमालात बांधून जपून ठेवलं. इतकं जपून, की अर्धबहिऱ्या, धूसर दिसणाऱ्या बाईला मी दोन दिवस भ्रमिष्ट म्हणतेय.

डॉक्टर रागावत नाहीत. हा डिलिरियम आहेच, म्हणतात. नुसत्या भुलेनं होतो असं नाही. वेदना, कमी पडलेलं पाणी, जंतुसंसर्ग, मोडलेली झोप, सगळं मिळून. बहुतेकांचा उतरतो, काहींची स्मरणशक्ती मात्र पुढे महिनोन् महिने अडखळते. अमेरिकेत 1999 साली डॉ. शॅरन इनोये यांनी मेडिकल वॉर्डातल्या सत्तरीपुढच्या 852 रुग्णांचा अभ्यास छापला. नेहमीच्या उपचारांत 15 टक्क्यांना भ्रम झाला. जिथे चष्मा, यंत्र, पाणी, चालणं, झोप यांकडे मुद्दाम लक्ष दिलं, तिथे 9.9 टक्क्यांना. बोलता बोलता डॉक्टर लघवीची नळी काढायला सांगतात.

मी गाठ सोडते. यंत्र शिट्टी मारतं, आत्या दचकते. कवळी बसल्यावर गालांना पुन्हा तिचा आकार येतो. दुपारी वॉकर धरून ती कण्हत, फिजिओथेरपिस्टला शिव्या देत खिडकीपर्यंत चार पावलं टाकते. खुर्चीत टेकल्यावर मला निरखते. "डोळे का सुजलेत गं तुझे?"

संध्याकाळी खिडकी काळवंडते तशी तिची नजर दाराकडे लागते. माझ्या पोटात गोळा येतो.

"कोण आलंय?"

"कुणी नाही आत्या. मी आहे."

"तू दिसतेयस मला. दारात कोण आहे?"

मी वळून बघते. जेवणाची गाडी घेऊन मावशी उभ्या आहेत.