हनुक्का म्हणजे ‘ज्यूंचा नाताळ’ नव्हे

डिसेंबर उजाडला की नऊ दिव्यांच्या दीपदानाचं चित्र मोबाइलवर फिरू लागतं आणि त्याखाली हटकून लिहिलेलं असतं, ‘ज्यूंचा नाताळ’. आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत शेजारी ज्यू कुटुंब असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. त्यामुळे हे वाक्य खोडून काढणारं कुणी भेटत नाही आणि ते वर्षानुवर्षं तसंच पुढे जातं. हिंदू शेजारी ते ऐकतो, ख्रिस्ती माणूसही मान डोलावतो. वास्तविक हनुक्का हा येशूच्या जन्माचा सण नाही. ज्या घटनेची आठवण म्हणून हा सण पाळतात ती येशूच्या जन्माच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी घडली. ज्यू धर्म येशूला मशीहा मानतच नाही, मग त्याच्या जन्मोत्सवाची ‘ज्यू आवृत्ती’ आली कुठून? दोन्ही सण हिवाळ्यात येतात आणि दोन्हींत दिवे लागतात, एवढ्याच भांडवलावर हा समज उभा आहे. तारखाही जुळत नाहीत. हनुक्का ज्यू पंचांगातल्या किसलेव महिन्याच्या 25 तारखेला सुरू होतो आणि आपल्या तिथींसारखाच इंग्रजी कॅलेंडरवर पुढे-मागे सरकतो. 2024 मध्ये पहिला दिवा नेमका 25 डिसेंबरच्या संध्याकाळी लागला आणि गैरसमजाला खतपाणी मिळालं. 2025 मध्ये तो 14 डिसेंबरला लागला, 2026 मध्ये 4 डिसेंबरला लागतो.

मूळ घटना अशी. सीरियाचा ग्रीक राजा चौथा अंतियोख याने इसवी सनपूर्व 167 च्या सुमारास यहुद्यांच्या, म्हणजे ज्यूंच्या, धर्माचरणावर बंदी घातली. शब्बाथ पाळणं, मुलाची सुंता करणं, धर्मशास्त्राची गुंडाळी घरात ठेवणं हे सारे देहदंडाचे गुन्हे ठरले. यरुशलेमच्या मंदिरातल्या वेदीवर परक्या दैवताची वेदी चढवली गेली. मोदीन गावचा याजक मत्तथ्या आणि त्याचे मुलगे यांनी बंड केलं. त्यांपैकी यहूदा मक्काबी याने इसवी सनपूर्व 164 मध्ये मंदिर ताब्यात घेऊन त्याची शुद्धी केली आणि नवी वेदी बांधून तिचं आठ दिवस समर्पण केलं. या बंडाचा इतिहास सांगणाऱ्या मक्काबीच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक बारीक तपशील आहे. बाटलेल्या जुन्या वेदीचे दगड फेकून द्यावेत की ठेवावेत, हे याजकांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी ते मंदिराच्या टेकडीवर एका बाजूला रचून ठेवले. कुणी संदेष्टा येईल आणि यांचं काय करायचं ते सांगेल, तोवर ते तसेच राहोत, असं ठरलं. विजयाच्या सणाच्या पोटात ही वाट पाहणं पहिल्यापासून आहे. ‘ज्यूंचा नाताळ’ म्हटलं की ते दिसेनासं होतं, आणि ख्रिस्ती वाचकाचं त्यात सर्वांत जास्त नुकसान आहे.

कारण या सणाचा स्पष्ट उल्लेख ज्यूंच्या बायबलमध्ये नाही; तो नव्या करारात आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय, बाविसावं वचन काढून पाहावं. यरुशलेमेत मंदिराच्या समर्पणाचा सण चालू आहे, हिवाळा आहे आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरतो आहे. ही देवडी म्हणजे मंदिराच्या पूर्वेची खांबांची, छत असलेली ओसरी. थंडीत माणसं आडोशाला जमतील अशीच जागा. तिथे लोक त्याला घेरतात आणि विचारतात की तू मशीहा असशील तर एकदाचं उघड सांग, किती दिवस टांगणीला लावणार? सण ठाऊक नसेल तर हा प्रश्न अचानक आल्यासारखा वाटतो. सण ठाऊक असला की त्याची धग कळते: परकीय सत्ता उलथून मंदिर सोडवल्याचा उत्सव चालू आहे आणि रोमची सत्ता डोक्यावर बसलेली आहे. पुढे येशू स्वतःला पित्याशी एक म्हणवतो तेव्हा लोक दगड उचलतात. ज्या अंतियोखाच्या पराभवाचा तो सण, त्याने आपल्या नाण्यांवर स्वतःला प्रकट झालेला देव म्हणवून घेतलं होतं. माणसाने देवत्वाचा दावा करणं त्या आठवड्यात तिथल्या कानांना कसं लागलं असेल, हे यावरून ताडता येतं. योहानाने सणाचं नाव आणि ऋतू नोंदवला तो उगाच नाही, असं माझं ठाम मत आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. येशू मंदिरात होता एवढंच योहान सांगतो. त्याने दिवे लावले, सण पाळला असं कुठे म्हटलं आहे? म्हटलेलं नाही, आणि कुणी तसं छातीठोकपणे सांगत असेल तर ते मजकुराबाहेरचं आहे. पण येशूच्या कथेशी या सणाचा संबंध त्यावर अवलंबून नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बाळ येशूची आठव्या दिवशी सुंता होते, पुढे त्याला मंदिरात आणून अर्पण करतात. अंतियोखाच्या अमलात याच सुंतेसाठी आयांना ठार मारून त्यांची तान्ही मुलं त्यांच्या गळ्यात लटकवल्याची नोंद मक्काबीच्या पहिल्या पुस्तकात आहे. मरिया आणि योसेफ जे सहज, उघडपणे करतात ते करता यावं म्हणून चार-पाच पिढ्यांआधी माणसं मेली होती. इथे जर-तर काहीच नाही, दोन पुस्तकांत लिहिलेलं शेजारी ठेवून वाचायचं आहे, इतकंच.

मग आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसाला हे ठाऊक का नाही? कारण त्याच्या हातातल्या बायबलमध्ये मक्काबींची पुस्तकं नाहीत. शिरूरकडची मंडळी घडली ती अहमदनगरहून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनमुळे, म्हणजे प्रॉटेस्टंट वळणाने. प्रॉटेस्टंट परंपरेने ही पुस्तकं प्रमाण मानली नाहीत आणि 1826 मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने ती न छापण्याचा निर्णय घेतला. दौंड तालुक्यातच, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं; 1922 मध्ये, मृत्यूच्या थोडंच आधी, त्यांनी काम पुरं केलं आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. एका मराठी बाईने एकहाती केलेलं एवढं अफाट काम, तरी त्यात हनुक्काची कथा येण्याचं कारण नव्हतं. हिब्रू जुन्या करारात ती नाहीच. मक्काबीचं पहिलं पुस्तक मुळात हिब्रूत होतं, पण ते हिब्रू हरवलं आणि उरलं ते ग्रीक भाषांतर. ते जपलं ख्रिस्ती चर्चने. यहुदी शास्त्रसंग्रहात त्याला जागा मिळाली नाही. म्हणजे या ज्यू सणाचा सर्वांत जुना सविस्तर इतिहास आज वाचता येतो तो ख्रिस्ती लोकांनी सांभाळला म्हणून. कॅथलिक बायबलमध्ये ही पुस्तकं आजही आहेत. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात छळ सोसून पुनरुत्थानाच्या आशेवर सुटका नाकारणाऱ्यांचा जो उल्लेख आहे, त्यामागे मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकातली सात भाऊ आणि त्यांच्या आईची कथा आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ‘आपल्या बायबलात नाही, म्हणजे आपल्या कामाचं नाही’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. प्रमाण न मानताही इतिहास म्हणून ही पुस्तकं वाचता येतात. खुद्द लूथरने त्यांना शास्त्राच्या बरोबरीचं मानलं नाही, पण वाचण्याजोगं मानलं.

उलट टोकाचा उत्साहही अलीकडे दिसतो: येशू या सणाला मंदिरात होता, तर आपणही चर्चमध्ये नऊ दिवे लावू. याला माझा विरोध आहे. पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससूनने बांधवलेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, किंवा रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो ही जिवंत उपासनेची ठिकाणं आहेत. ज्या समाजाने हा सण सक्तीच्या धर्मांतराला नकार दिल्याची खूण म्हणून जपला, त्याचाच विधी उचलून त्यावर आपला अर्थ चढवणं बरं नाही. पुस्तक वाचा, दिवे त्यांचे त्यांना लावू द्या.

आणखी एक समज खास महाराष्ट्रातला आहे. कोकणात नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, असं बेने इस्राएल परंपरा सांगते. ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मराठी ज्यूंमध्ये पूर्वी हनुक्का पाळला जात नव्हता. त्यावरून ते मक्काबींच्या आधीच भारतात आले, असं अनुमान अनेकदा पुराव्यासारखं सांगितलं जातं. हा पुरावा नव्हे. जो समाज शतकानुशतकं इतर ज्यूंपासून तुटला होता आणि ज्याच्याकडचं हिब्रूही जवळपास गेलं होतं, तो धर्मशास्त्रात आज्ञा नसलेला एक घरगुती सण विसरू शकतो. या समाजाचा युरोपीय लेखनातला ठळक उल्लेख 1738 चा आहे, डॅनिश मिशनरी सार्टोरियसच्या पत्रातला. त्याआधीच्या दोन हजार वर्षांबद्दल एका सणाच्या अभावावरून निकाल देता येत नाही. हनुक्का त्यांच्याकडे रुजला तो कोचीन आणि बगदादी ज्यूंच्या संपर्कातून.

बाकीचे समज थोडक्यात. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरल्याची कथा मक्काबींच्या पुस्तकांत नाही, ती बऱ्याच नंतरच्या तालमुद या ज्यू ग्रंथात आहे. दुसरं पुस्तक आठ दिवसांचं कारण देतं ते लढाईमुळे राहून गेलेल्या मंडपांच्या सणाचं. ‘मी जगाचा प्रकाश आहे’ हे येशू हनुक्काला म्हणाला, हे प्रवचनांत ऐकू येणारं विधान चूक आहे. ते योहानाच्या आठव्या अध्यायात, मंडपांच्या सणाच्या संदर्भात येतं. मंदिरातली समई सात दिव्यांची होती. हनुक्काच्या दीपदानाला आठ दिवे आणि ते पेटवण्यासाठी नववा असतो. त्या आठ दिव्यांच्या उजेडात काम करायचं नसतं, ते नुसते पाहायचे असतात, म्हणून ‘ज्यूंची दिवाळी’ हेही नाव बसत नाही. लक्ष्मीपूजन नाही, नवं वर्ष नाही आणि धंद्याला सुट्टीही नाही. मुलांना रोज भेटवस्तू देण्याची चाल प्राचीन नसून आधुनिक अमेरिकेत फोफावलेली आहे. आणि 25 किसलेववरून 25 डिसेंबर आला, असं म्हणणाऱ्यांनी अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटला वाचावं: येशूच्या जन्माचा दिवस म्हणून त्याच्या काळी, इसवी सन 200 च्या सुमारास, मे महिन्यातली तारीखही सांगितली जात होती.